सहा खोल्या, एक मीटर

कंप्युटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक काय काय दुरुस्त करायला सांगतील याचा नेम नाही. प्रिंटर, मोबाईल, मिक्सर, डिशचा रिमोट... एकदा तर शेजारच्या आजोबांनी कानातलं श्रवणयंत्र काढून पुढे केलं होतं. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात करंज्याहून मामाचा फोन आला आणि तो म्हणाला, "मीटर पलतंय रं, येऊन बघ जरा," तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. शनिवार मोकळा होता. मामीच्या हातचे बोंबील खाऊन बरेच दिवस झाले होते. म्हटलं, चला.

ज्यांना करंजा माहीत नाही त्यांच्यासाठी: उरणच्या पुढे, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला, खाडीच्या तोंडावर वसलेलं हे कोळ्यांचं गाव. समोर रेवस. अलिबागला जाणाऱ्यांना लाँचमुळे करंजा माहीत असतं, बाकीच्यांना "पनवेलकडे कुठेतरी" एवढंच. २०२४ च्या जानेवारीत रेल्वे उरणपर्यंत पोचली, त्यामुळे हल्ली जाणं सोपं झालंय. उरणला उतरायचं, रिक्षा करायची. वाटेत एक गंमत बघण्यासारखी आहे. उरणजवळ बोकडविऱ्याला महानिर्मितीचं वायूवर चालणारं वीज केंद्र आहे, १९८० च्या दशकापासूनचं, ६७२ मेगावॅटचं. बॉम्बे हायचा वायू इथेच जमिनीवर येतो. म्हणजे वीज तयार होते ती या लोकांच्या अंगणात. अर्थात अंगणात तयार झाली म्हणून कुणाला स्वस्त मिळत नाही, तसा नियमही नाही, पण दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच असावा.

तर मामा. मामा पूर्वी बोटीवर जायचा. गुडघे गेले, मासळी कमी झाली, बोटीतला हिस्सा विकला आणि त्या पैशांत घरामागे सहा खोल्या काढल्या. आता त्या सहा खोल्यांचं भाडं हीच मामा-मामीची पेन्शन. भाडोत्री कोण? दोन खोल्यांत कंटेनर यार्डात काम करणारी मुलं, शिफ्टवाली. एका खोलीत नांदेडकडचं एक कुटुंब, नवरा ट्रेलरवर क्लीनर, बायको बंदरावर मासळी निवडायला जाते. एकात वॉचमन आणि त्याची आई. एकात नवरा-बायको आणि दोन मुलं, त्यांचं वडापावचं गाडं आहे. सहाव्या खोलीत एकटाच एक तरुण, कंत्राटी कामावर. सगळ्यांच्या वर सिमेंटचा पत्रा, सगळ्यांना एकेक पंखा (तो मामाचा), आणि सगळ्यांना मिळून महावितरणचं एक मीटर. प्रत्येक दाराशी मामाने दोन-तीनशे रुपयांचं सबमीटर लावलंय. महिनाअखेरीला मामा वही घेऊन फिरतो, आकडे टिपतो आणि दारावर खडूने लिहितो. दर युनिटला १३ रुपये.

आता भांडण काय ते सांगतो. मामाचं म्हणणं, हे लोक चोरून शेगड्या लावतात, सबमीटरशी काहीतरी करतात, कारण जमा होणाऱ्या पैशांत बिल भागत नाही, दर महिन्याला पाच-सातशे ते हजार रुपये त्याच्या खिशातून जातात. भाडोत्र्यांचं म्हणणं, शेठ आम्हाला लुटतो. नांदेडच्या वहिनींनी मला स्पष्टच सांगितलं, "दादा, माझ्या भावाला गावाकडं सहा-सात रुपयांनी पडतं युनिट. इथं तेरा. वरचे सहा कुणाच्या घशात जातात?" प्रश्न बिनतोड होता. आणि मामाची बिलंही खरी होती, मी डोळ्यांनी पाहिली.

दोन्ही बाजू खऱ्या बोलतायत आणि हिशेब लागत नाही, असं झालं की आमच्या धंद्यात पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप तपासायचं. मी बरोबर प्लगमध्ये खोचायचं एक वॉटमीटर नेलं होतं. आधी मुख्य मीटर. सगळ्यांना विनंती करून वीस मिनिटं सगळ्या खोल्यांचे मेन स्विच बंद केले (उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता ही विनंती करून बघा, मग कळेल लोक किती सोशिक असतात), एका बादलीत दीड हजार वॅटचा रॉड सोडला. वीस मिनिटांत अर्धं युनिट पडायला हवं. पडलं. म्हणजे मीटर पळत नव्हतं. सबमीटरची बेरीज आणि मुख्य मीटरचा आकडा यातही फारसा फरक नव्हता. चोरी नाही, मीटर ठीक. मग?

मग मी जेवून (बोंबील, तांदळाची भाकरी, विषय संपला) बिल उलटं करून मागची दराची सारणी वाचायला बसलो. सारणी छोटीच असते, पण तुमच्या-माझ्यासारख्यांनी तीही कधी वाचलेली नसते. आपण रक्कम बघतो, चुकचुकतो, मोबाईलवरून भरून टाकतो.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो हे ढोबळमानाने सगळ्यांना माहीत असतं. किती चढतो ते नसतं. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटं ४ रुपये ७१ पैशांनी होती. १०१ ते ३०० पर्यंतची १० रुपये २९ पैशांनी. ३०१ ते ५०० ची १४ रुपये ५५ पैशांनी, आणि त्यावरची १६ रुपये ६४ पैशांनी. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सगळं धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट पडतं साधारण ६ रुपये ८२ पैशांना, दुसऱ्यातलं १३ रुपये २९ पैशांना, तिसऱ्यातलं सव्वाअठरा रुपयांना आणि चौथ्यातलं वीस रुपये सहासष्ट पैशांना. (इंधन समायोजन वगैरे सोडून दिलंय. दर त्यानंतर बदलले, पण टप्प्यांची कल्पना तीच आहे.)

यामागचा विचार चांगला आहे. जो कमी वापरतो तो बहुधा गरीब, त्याला स्वस्त. जो एसी, गीझर, वॉशिंग मशीन चालवतो तो बहुधा पैसेवाला, त्याच्याकडून जास्त घ्या. पण हा विचार एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे एक मीटर म्हणजे एक घर. मामाच्या मागच्या खोल्यांत एक मीटर म्हणजे सहा घरं. प्रत्येक घर महिन्याला सरासरी ९० युनिटं वापरतं, म्हणजे नियमाच्या दृष्टीने प्रत्येक घर पहिल्या टप्प्यातलं, गरीबच. पण मीटरला दिसतात एकूण ५४० युनिटं. मीटरच्या लेखी तिथे पत्र्याखाली एक धनाढ्य कुटुंब राहतंय. आमच्याकडे सहा जण एकच लॉगिन वापरतात तेव्हा सिस्टीमला वाटतं हा एकच माणूस चोवीस तास काम करतोय आणि ती त्याला संशयास्पद ठरवून मोकळी होते. तसंच.

आकडे मांडले तेव्हा मलाच पुन्हा तपासून घ्यावंसं वाटलं. ५४० युनिटांचं एकत्र बिल: पहिल्या शंभराचे ६८२ रुपये, पुढच्या दोनशेचे २,६५८, त्यापुढच्या दोनशेचे ३,६४८ आणि शेवटच्या चाळीसचे ८२६. स्थिर आकाराचे दीडशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ आठ हजार. युनिटमागे पावणेपंधरा रुपये! मामा १३ रुपयांनी गोळा करत होता ७,०२० रुपये. त्याचे नऊशे-साडेनऊशे खरोखरच दर महिन्याला जात होते. आणि हीच सहा घरं सहा वेगळ्या मीटरवर असती तर? प्रत्येकी ९० युनिटांचे ६१४ आणि स्थिर आकार धरून साधारण ७६५. सहा घरांचे मिळून चार हजार सहाशेच्या आत.

तीन हजार चारशे रुपयांचा फरक. महिन्याला. खोलीमागे साडेपाचशेच्या वर. वर्षाला प्रत्येक घराचे साडेसहा हजारांहून जास्त. ज्या बाई दिवसभर बर्फात हात घालून मासळी निवडतात त्यांच्या घराचे. आणि हे पैसे मामाने खाल्लेले नाहीत, वहिनींनी उधळलेले नाहीत, कुणीच काही वाईट केलेलं नाही.

हे मी अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलं. मामा आधी खूश झाला (त्याच्यावरचा आळ गेला), मग जरा वेळाने गप्प झाला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे शेठबी बुडतोय आन् आम्हीबी." यापेक्षा चांगला सारांश मला पंधरा स्लाईडमध्ये करता आला नसता.

वीज वाचवा म्हणून आपण जे उपदेश करतो ते मला त्या अंगणात बसून फार पोकळ वाटायला लागले. खोलीतून बाहेर जाताना दिवा बंद करा वगैरे. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास उगाच जळत ठेवला तरी महिन्याला एक युनिट होतं. बरं, ज्यांची खोलीच एक आहे ते खोलीतून बाहेर जाणार कुठे? महिन्याला ९० युनिटांत चार माणसं राहतात त्यांना काटकसर कसली शिकवायची? माझ्या खारघरच्या फ्लॅटचं मे महिन्याचं बिल ३८० युनिटांचं होतं. माणसं दोन.

गरिबाला तीच वस्तू महाग पडते, हे काही आपल्याकडचंच नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच यावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. इंग्लंडमध्ये प्रीपेड मीटरवर असलेल्या घरांना, जी बहुतेक गरिबांचीच असतात, वीज इतरांपेक्षा महाग पडायची. ती तफावत काढायला २०२३ चा जुलै उजाडावा लागला. तिथे मीटरचा प्रकार आडवा आला, इथे मीटरची संख्या.

तर मग सहा मीटर घ्यायचे, झालं! असं मलाही वाटलं. वीज कायदा २००३ चं कलम ४३ वाचलंत तर तिथे चक्क लिहिलंय की मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर वीज द्यायची. भोगवटादार म्हणजे राहणारा. म्हणजे भाडोत्र्यालाही स्वतःच्या नावाने मीटर मागता येतो. कागदावर.

प्रत्यक्षात अर्जाला जागेचा आणि राहत असल्याचा पुरावा लागतो. नोंदणी केलेला भाडेकरार इथे कुणाकडे नाही, सगळा व्यवहार तोंडी. मालकांना मनातून भीती असते की भाडोत्र्याच्या नावाने मीटर लागला, बिल आलं, की ते बिल दाखवून तो उद्या खोलीवर हक्क सांगेल. आणि पनवेल-उरणच्या बऱ्याच गावांत याहून जुनं दुखणं आहे. १९७० मध्ये सिडको आली, नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली, त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, हे सगळं इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. मधल्या काळात घरं वाढली, गावठाणं तेवढीच राहिली. लोकांनी जागा मिळेल तिथे बांधलं. त्याला इथे "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात, सरकारी कागदातही हाच शब्द आहे आणि मला तो फार आवडतो. अशा घरांची कागदपत्रं म्हणजे नन्नाचा पाढा. आणि या पट्ट्यातल्या मजुरांच्या भाड्याच्या खोल्या बऱ्याचशा असल्याच घरांत असतात. म्हणजे ज्याला स्वस्त टप्पा सगळ्यांत जास्त हवा, त्याच्याच दाराशी मीटर पोचायला सगळ्यांत जास्त अडचण.

मामाच्या बाबतीत नशीब एवढंच की घरपट्टी सगळ्या खोल्यांची लागलेली होती आणि ओळखीचा वायरमन शहाणा निघाला. त्याने सांगितलं, ज्यांच्याकडे आधार आणि रेशनकार्डावर इथला पत्ता आहे त्यांचे अर्ज आधी टाका, खोलीला वेगळं दार, वेगळी चूल दाखवा, मालकाचं संमतीपत्र जोडा. असे तीनच निघाले. मामा संमतीपत्र द्यायला तयार होईना. दोन आठवडे मामीने काय मंत्र म्हटला माहीत नाही, पण दिलं. भाडेकरार मात्र करून घेतले, अकरा महिन्यांचे. ही अट मीच घातली होती, कारण मामाची भीतीही खोटी नव्हती.

पण बाकीच्या तिघांचं काय? आणि मीटर येईपर्यंत काय? इथे मग पंख्याची गोष्ट सुरू होते.

यार्डातल्या मुलांच्या खोलीतला पंखा कधी झोपतच नाही. दोघं दिवसपाळीचे, दोघं रात्रपाळीचे. एक जोडी उठते, दुसरी आडवी होते. साधा पंखा ७५ वॅट खातो. दिवसाला वीस तास धरले तर महिन्याला ४५ युनिटं एका पंख्याची! त्याच जागी बीएलडीसी मोटरचा पंखा लावला तर तो तीस वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे १८ युनिटं. वाचली २७. बाकी खोल्यांत पंधरा तास धरले तर वीस युनिटं वाचतात. सहा खोल्यांचे मिळून १३० च्या वर. आणि वारा तेवढाच.

मग लोक घेत का नाहीत? साध्या पंख्याला तेराशे-चौदाशे, याला अडीच-पावणेतीन हजार. मधल्या फरकाचे पैसे चार-पाच महिन्यांत वसूल होतात, हे कुणालाही एका मिनिटात समजतं, वहिनींना तर माझ्या आधी समजलं. पण भाड्याच्या खोलीतला पंखा मालकाचा. मालक स्वस्तातला लावणार, कारण बिल भाडोत्री भरतो. भाडोत्री बदलणार नाही, कारण पंखा मालकाचा आणि तो स्वतः उद्या कुठे असेल माहीत नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणामुळे ४५ वॅट वर्षानुवर्षं गरम हवेत जातात.

दिव्यांच्या बाबतीत हे कसं सुटलं ते आठवा. २०१४ च्या जानेवारीत सरकारी कंपनी ईईएसएल एलईडी दिवा खरेदी करायची ३१० रुपयांना. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, करोडोंनी एकत्र खरेदी झाली, आणि २०१६ पर्यंत खरेदीचा दर ३८ रुपयांवर आला. मग कुणाला जनजागृती करावी लागली नाही. देशभर त्या योजनेत ३६ कोटींहून जास्त दिवे गेले आणि बाजारातलाही भाव पडला. मामाच्या सहाही खोल्यांत आज पिवळा बल्ब शोधून सापडत नाही. पंख्यांसाठीही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचे लोक तर पंख्यांबद्दल वर्षानुवर्षं कळवळून लिहीत आलेत. पण दिवा भाडोत्री स्वतः विकत घेऊन खिशात घालून नेतो, पंखा नाही नेत. ही गोष्ट नुसती किंमत उतरवून सुटेल असं मला वाटत नाही.

मामाला मी हिशेब वेगळ्या बाजूने दाखवला. अरे मामा, तुझं शेवटचं युनिट तुला अठरा ते वीस रुपयांना पडतंय. भाडोत्र्याकडून तू घेतोस तेरा. म्हणजे त्यांनी वाचवलेल्या प्रत्येक युनिटावर तुझे पाच-सात रुपये वाचतात. १३० युनिटं वाचली की तुझं बिल चोवीसशे-पंचवीसशेने उतरतं, तुझी वसुली उतरते १,६९० ने. वरचे पावणेआठशे तुझे. मामा बराच वेळ खडूने फरशीवर काहीतरी लिहीत बसला. मग म्हणाला, "म्हंजी त्यांनी पंखा कमी फिरवावा म्हणून मी भांडत व्हतो, तो जोरात फिरवूनबी चालतंय?" चालतंय.

सहा पंखे उरणच्या बाजारातून घासाघीस करून सोळा हजारांत आले. ठरलं असं की पैसे मामाने घालायचे आणि प्रत्येक खोलीने वर्षभर महिन्याला शंभर रुपये जास्त द्यायचे. खोलीचं बिल सरासरी २८० रुपयांनी कमी होणार, त्यातले शंभर मामाला, १८० घरात. मामाचे स्वतःचे पावणेआठशे आणि हे सहाशे, म्हणजे वर्षात सोळा हजार फिटले. (हे उन्हाळ्याचे आकडे. थंडीत पंखा कमी, तेव्हा वर्षाचं सव्वा-दीड वर्ष होईल.) फक्त सहाव्या खोलीतला तरुण म्हणाला, "काका, माझं कंत्राट सहा महिन्यांचं. मी वर्षाचे शंभर-शंभर कशाला देऊ?" मामा म्हणाला, "पंखा खोलीचा हाय, तुझा नाय. ऱ्हाशील तवर दे." मोठमोठ्या परिषदांमध्ये ज्यावर पेपर वाचतात तो मालक-भाडोत्र्याचा तिढा मामाने आठ शब्दांत सोडवला.

फ्रीजचं मात्र जमलं नाही, तेही सांगतो. वहिनींचा फ्रीज सेकंडहँड, साडेतीन हजारांचा. चोवीस तास वॉटमीटर लावून ठेवलं तर पावणेदोन युनिटांच्या वर गेला. दाराचं रबर फाटलेलं, मागे खारं वारं खाऊन गंजलेली जाळी, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेला. रबर बदललं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, आतला बर्फाचा डोंगर काढला, तर सव्वाच्या आसपास आला. नवा छोटा एकदारी फ्रीज घेतला तर वर्षाला दोनशे युनिटांच्या आत चालतो, म्हणजे दिवसाला अर्धं युनिट. दोन वर्षांत फरकाचे पैसे निघतात. वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षांत निघतील हो दादा. पण धा हजार आज लागतात ना." हप्त्यावर घ्यायला गेल्या तर दुकानदाराने पगाराची स्लिप मागितली. मासळी निवडणाऱ्या बाईला स्लिप कोण देणार?

गॅसचंही तेच. ज्यांच्याकडे इथल्या पत्त्याचं कनेक्शन आहे त्यांना १४.२ किलोचा सिलिंडर, उज्ज्वलातल्या बाईला त्यावर अनुदानही. यार्डातली मुलं मात्र छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून आणतात, किलोमागे कितीतरी जास्त देऊन. त्यांना मी कुकर वापरा, डाळ भिजवा, झाकण ठेवा एवढंच सांगू शकलो. कुकर एकाने घेतला.

आणि कुणीतरी आता सोलर म्हणेलच. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तीन किलोवॅटला ७८,००० पर्यंत अनुदान आहे, उत्तम आहे. पण छप्पर ज्याचं त्याला. भाडोत्र्याला छप्पर नसतं, फक्त पत्र्याचा उकाडा असतो. त्या उकाड्यावर मात्र एक स्वस्त उपाय झाला. यार्डातल्या पोरांनी रविवारी पत्र्यावर चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात पांढरे मारले. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी आख्खं धोरण केलंय, अहमदाबादेत वस्त्यावस्त्यांतून हे करतात. खोलीत फरक पडला, रात्री पाठ भाजायची थांबली असं रात्रपाळीवाले सोडून सगळे म्हणाले. रात्रपाळीवाले म्हणाले, दुपारी झोप लागते आता. कोकणातल्या पावसात चुना टिकत नाही हे उघड आहे, जुलैपर्यंत अर्धा वाहून गेला. दर मार्चला मारायचा.

तीनपैकी दोन मीटर दिवाळीनंतर लागले, नांदेडच्या वहिनींचा आणि गाडेवाल्यांचा. वॉचमनच्या आईच्या नावातल्या एका वेलांटीवरून तिसरा अर्ज अजून फिरतोय. दोन घरं एकत्र मीटरवरून उतरल्याने आणि पंखे बदलल्याने मागे राहिलेल्या चार खोल्यांची युनिटं ५४० वरून २७०-८० वर आली, म्हणजे वरचे दोन्ही टप्पे सुटले. २०२५ च्या जानेवारीत गेलो तेव्हा मामाने चारही दारांवरचा १३ पुसून खडूने साडेअकरा लिहिला होता. सहाव्या खोलीत आता दुसराच मुलगा राहतो. त्याने मला विचारलं, इथे लाईट बाहेरपेक्षा स्वस्त कशी काय?